शेवटची पानं फाटलेलं पुस्तक: रहस्यकादंबऱ्या आणि पीएचडी

"ताई, पीएचडीला लागल्यावर कादंबऱ्या वाचायला वेळ मिळतो का? की ते सगळं बंद करावं लागतं?"

पेटच्या तयारीला लागलेल्या एका मुलीनं गेल्या आठवड्यात मला हा प्रश्न विचारला. विचारताना ती जरा ओशाळली होती. म्हणजे खरा प्रश्न वेगळाच होता: मला रहस्यकादंबऱ्या आवडतात, मग मी संशोधनाच्या लायकीची आहे का? हा प्रश्न मला नीट कळतो, कारण मीही तो स्वतःला बरीच वर्षं विचारत होते. तेव्हा आज रिसर्च मेथडॉलॉजीचाच एक धडा घेऊ, पण जरा वेगळ्या वाटेनं. शिवाय या लेखात माझी एक चूकही सांगणार आहे. ती वाचून तुमची एखादी चूक टळली तर मला आनंद होईल.

मामाची पेटी

माझं आजोळ कळमनुरी तालुक्यातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं गेलं की दुपारी करण्यासारखं काहीच नसायचं. मामाच्या लोखंडी पेटीत जुन्या पुस्तकांची चळत होती: बाबूराव अर्णाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, नारायण धारप. कुठली एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून घेतलेली, कुठली लायब्ररीतून आणून परत न केलेली. अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त धनंजय, झुंझार आणि काळापहाड ही नावं माहीत होती. शिरवळकरांचा दारा बुलंद आणि वकील अमर विश्वास हे तर घरातलेच वाटायचे.

आजी म्हणायची, "काय ते खुनाखुनीचं वाचायलीस, अभ्यासाचं पुस्तक घे की." म्हणून मी ते अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचायचे.

त्या पेटीतल्या एका पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती. नाव सांगत नाही, कारण पुढे त्याचा शेवट सांगावा लागणार आहे. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलंय, तो बोलायला उभा राहतो, आणि पुस्तक संपतं! मी मामाला विचारलं. तो म्हणाला, "मला मिळालं तेव्हाच तसं होतं. तूच शोध की खुनी कोण ते."

मग मी ते पुस्तक परत पहिल्या पानापासून वाचलं. वहीत यादी केली: कोण कुठं होतं, कुणाला फायदा होता, कोण खोटं बोललं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी ठरवलं की खुनी दिवाणजी. सगळे धागे जुळत होते. मी तेव्हा सातवीत होते, आणि त्या उन्हाळ्यात माझ्याइतकं हुशार कुणी नाही असं मला वाटत होतं.

आज मागं वळून पाहिलं तर वाटतं, संशोधन म्हणजे दुसरं काही नाही, हेच पुस्तक. बारावी, बीएस्सी, एमएस्सीपर्यंतची पुस्तकं पूर्ण असतात. उत्तरं मागच्या पानावर असतात, नाहीतर सरांना ठाऊक असतात. पीएचडीचं पुस्तक शेवटची पानं नसलेलं येतं. तुमच्या गाइडकडेही ती पानं नसतात. पहिल्या वर्षी बहुतेक मुलं घाबरतात ती यामुळेच, हुशारी कमी पडते म्हणून नाही.

खेळाचे नियम

रहस्यकथेला नियम असतात, हे आपल्याला सहसा माहीत नसतं. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. हा गृहस्थ पेशानं धर्मगुरू, पण रहस्यकथाही लिहायचा. त्यातले काही असे: गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, भुताखेतांची मदत घ्यायची नाही, गुप्तहेराला नुसत्या योगायोगानं किंवा आतून आलेल्या साक्षात्कारानं उत्तर सापडता कामा नये, आणि सापडलेला प्रत्येक पुरावा वाचकासमोर लगेच ठेवायचा. म्हणजे डाव सचोटीचा हवा. वाचकाच्या हातातही तेवढीच पानं हवीत, जेवढी गुप्तहेराच्या हातात आहेत.

हे नियम संशोधनाला लावून बघा. पुरावा लपवायचा नाही, म्हणजे गैरसोयीचं रीडिंग वहीतून गाळायचं नाही. साक्षात्कार चालत नाही, म्हणजे "मला तसं वाटलं" हे मेथडच्या प्रकरणात लिहिता येत नाही. आणि दुसऱ्या कुणालाही तुमचाच पुरावा वापरून तुमच्याच निष्कर्षाला येता आलं पाहिजे.

नॉक्सचा एक नियम मात्र संशोधनात चालत नाही. तो म्हणतो, गुप्तहेर स्वतः गुन्हेगार असता कामा नये. आपल्याकडे बऱ्याचदा नेमका तोच गुन्हेगार निघतो. आता माझी गोष्ट सांगते.

माझा लाडका संशयित

माझा विषय भूजल. आपल्याकडच्या बेसाल्टमधल्या, म्हणजे काळ्या पाषाणातल्या, विहिरींच्या पाण्यात काय काय विरघळलेलं आहे ते मी बघते. दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात मी वसमत तालुक्यातल्या काही गावांतून ४० विहिरींचं पाणी आणलं. वसमतचा भाग म्हणजे हळदीचा भाग. हळदीला खत भरपूर लागतं, युरियाच्या गोण्यांवर गोण्या पडतात. त्यामुळे पाणी तपासायच्या आधीच माझा संशयित ठरला होता: युरिया. त्यातला नायट्रोजन मातीत नायट्रेट होतो आणि पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरतो. पुस्तकात असंच लिहिलेलं आहे, आणि ते बरोबरही आहे.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त असेल तर विशेषतः तान्ह्या बाळांना त्रास होऊ शकतो. माझ्या ४० पैकी १३ विहिरी या मर्यादेच्या वर निघाल्या. मला झोप लागेना, इतका आनंद झाला! (लोकांच्या पाण्यात दोष निघाला आणि मला आनंद झाला. हे लिहिताना आज लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?) पेपरचं शीर्षकसुद्धा मी लिहून टाकलं.

जूनमध्ये मी एका गावात परत गेले. तिथल्या एका काकांनी सॅम्पल घेताना मला चहा पाजला होता आणि "पाणी कसं हाय ते सांगा बरं ताई" असं बजावलं होतं. त्यांच्या विहिरीचा आकडा होता ६१. मी त्यांना सांगितलं, हे पाणी पिऊ नका, आणि युरिया कमी टाका. ते काही बोलले नाहीत. फक्त विहिरीकडे बघत राहिले.

न भुंकलेला कुत्रा

शेरलॉक होम्सची 'सिल्व्हर ब्लेझ' नावाची एक कथा आहे, १८९२ ची. रात्री तबेल्यातून घोडा नाहीसा होतो, आणि होम्सला महत्त्वाची वाटते ती न घडलेली गोष्ट: तबेल्यातला कुत्रा भुंकलाच नाही. म्हणजे रात्री आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता.

या कथेतून घ्यायची सवय अशी: काय सापडलं एवढंच बघू नका. तुमचा हायपोथेसिस खरा असता तर आणखी काय सापडायला हवं होतं, आणि ते का नाही सापडलं, हे विचारा.

माझ्या मॅडमनी नेमकं हेच विचारलं. आलेख बघून त्या म्हणाल्या, "खत असो, शेणामुताचं पाणी असो, की सांडपाणी असो, नायट्रेट वाढलं की त्याच्याबरोबर क्लोराइडही थोडंफार वाढलेलं दिसतं. तुझं क्लोराइड जागचं हललेलं नाही. का?"

माझा कुत्रा भुंकला नव्हता.

मग मी नकाशा काढून बसले. हळदीच्या रानाला अगदी खेटून असलेल्या एका विहिरीत नायट्रेट होतं १२. गावाबाहेरच्या देवळाच्या विहिरीत, जिच्या आसपास कुणी खताची चिमूटही टाकत नाही, तिथं ५८. रानापासूनच्या अंतराशी काही संबंध नाही, विहिरीच्या खोलीशी नाही, मातीशी नाही. मॅडमचा दुसरा प्रश्न आणखी साधा होता: "फील्ड ब्लँक कुठेय?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: फील्ड ब्लँक म्हणजे डिस्टिल्ड वॉटर भरलेली बाटली. ती तुमच्याबरोबर शेतात जाते, सॅम्पलसारखीच उघडली जाते, त्याच पेटीतून लॅबमध्ये परत येते, आणि सॅम्पलबरोबरच तपासली जाते. तिच्यात काहीच सापडता कामा नये. सापडलं, तर ते विहिरीतून आलेलं नाही, तुमच्याकडून आलेलं आहे. मी ब्लँक नेलीच नव्हती. बाटल्या कमी पडत होत्या.

खुनी कोण?

त्या दिवसांत मी रात्री हॉस्टेलवर अगाथा ख्रिस्ती वाचत होते. कामाला लागून येणारा विचार बंद व्हावा म्हणून. तिच्या एका कादंबरीचा शेवट असा आहे की वाचकाला स्वतःचीच शंका यायला लागते. (हिचंही नाव सांगणार नाही. ज्यांनी वाचली आहे ते ओळखतील.) "कादंबरीनं मला उत्तर दिलं" असं मी म्हणणार नाही. उत्तर मॅडमच्या प्रश्नानं दिलं. पण संशयितांच्या यादीत मी तोपर्यंत एक नाव घातलंच नव्हतं, आणि त्या रात्री ते घातलं. ते माझं होतं.

वही उघडली. प्रत्येक सॅम्पलसमोर बाटलीचा नंबर होता. नायट्रेट जास्त आलेल्या १३ विहिरींपैकी ११ विहिरींच्या बाटल्या एकाच खोक्यातल्या होत्या. त्या खोक्यातल्या बाटल्या मी मुळात जड धातूंच्या तपासणीसाठी तयार केल्या होत्या. धातूंच्या बाटल्या आम्लात भिजवून धुतात. आणि ते आम्ल कोणतं असतं? नायट्रिक!

नायट्रेटच्या बाटल्या कमी पडल्या म्हणून मी ते खोकं उचललं होतं. पहाटेची एसटी गाठायची होती, म्हणून एकदाच पाण्यानं विसळलं होतं. विहिरींना मे महिन्यात पाणी तळाला, बादलीत जेमतेम येणार, म्हणून भरायच्या आधी बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा खळबळायची, हा नियमही टाळला होता. हिशोब करून बघा: दहा टक्के नायट्रिक आम्लाचे साधारण दहा थेंब, म्हणजे अर्धा मिलिलिटर, झाकणात आणि तळाशी राहिले, तरी एक लिटर पाण्यात सुमारे ५० मिलिग्रॅम नायट्रेट येतं. विहीर कितीही स्वच्छ असो, मर्यादा ओलांडली जाणारच.

दुसऱ्या दिवशी त्याच खोक्यातल्या उरलेल्या बाटल्यांत डिस्टिल्ड वॉटर भरून रात्रभर ठेवलं. सकाळी तपासलं. शुद्ध पाण्यात नायट्रेट!

तेव्हा मला ना रडू आलं, ना हसू. सातवीतली मुलगी आठवली, जिला दिवाणजीचे सगळे धागे जुळलेले दिसत होते.

एकच संशयित नको

या सगळ्यातून मेथडचा जो धडा निघतो, तो नवा नाही. १८९० मध्ये टी. सी. चेंबरलिन या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं 'सायन्स'मध्ये एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपण एकच कल्पना मांडली की तिच्यावर आईबापाची माया जडते. मग तिच्या बाजूचा पुरावा ठळक दिसतो आणि विरोधातला दिसेनासा होतो. उपाय हा की पहिल्या दिवसापासून अनेक कल्पना मांडायच्या आणि सगळ्यांना सारखं वागवायचं. लेकरं अनेक असली की एकाचेच लाड होत नाहीत.

चांगल्या रहस्यकथेत तरी दुसरं काय असतं? आठ-दहा माणसं, प्रत्येकावर थोडा थोडा संशय. वाचताना आपण नकळत हाच सराव करत असतो.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, अशा बातम्या तुम्ही अनेकदा वाचल्या असतील. २१ मार्च २०२४ च्या पहाटे जिल्ह्यात ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले, आणि १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५ चा. भांडी पडली, लोक घराबाहेर पळाले. त्या दिवशी प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं, पण कुणाकडेच संशयितांची यादी नव्हती.

संशोधक म्हणून सराव करायचा तर वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात संशयित: लहान भूकंप, खाणीतले सुरुंग, खडकाच्या भेगांत उतरणारं पावसाचं पाणी. दुसऱ्यात, तो दोषी असेल तर काय दिसायला हवं: भूकंप असेल तर भूकंपमापकावर नोंद हवी, सुरुंग असेल तर आवाज कामाच्या वेळातच हवा, पाणी असेल तर पावसाळ्यानंतर आवाज वाढायला हवेत. तिसऱ्यात, काय दिसता कामा नये. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माणूस निर्दोष सुटतो तो याच रकान्यामुळे. माझ्या वहीत तो रकाना असता तर क्लोराइड मला जूनमध्येच दिसलं असतं.

दुधाळ्याला येऊ घातलेलं रहस्य

आपल्या जिल्ह्यात आणखी एक मोठी शोधकथा सुरू होतेय. औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेसर, आणि काम काय? दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक मोजायचा. हा फरक प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान असतो.

एवढं नाजूक यंत्र म्हटलं की प्रत्येक गोष्ट संशयित होते. अमेरिकेत हॅनफर्डच्या लायगोत २०१७ च्या उन्हाळ्यात विचित्र आवाज नोंदले जाऊ लागले. शोधता शोधता शास्त्रज्ञ बाहेरच्या एका पाइपापाशी पोचले. पाइपावर बर्फ साचलेलं आणि त्यावर चोचीच्या खुणा. गुन्हेगार होते तहानलेले डोमकावळे! (दुधाळ्याला वानरांचा बंदोबस्त करावा लागेल, असं मला वाटतं.)

पण लायगोची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दुसरी आहे. १६ सप्टेंबर २०१० ला यंत्रांना एक सुंदर संकेत मिळाला. 'बिग डॉग' असं त्याचं टोपणनाव पडलं. शेकडो जणांनी सहा महिने तो तपासला, पेपर लिहून तयार केला. आणि सगळ्यांना आधीपासून एक गोष्ट माहीत होती: मोजक्या लोकांना गुपचूप खोटा संकेत घालायची मुभा आहे, आणि उत्तर एका बंद लिफाफ्यात आहे. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सभेत लिफाफा उघडला. संकेत खोटा होता.

विचार करा, सहा महिन्यांची मेहनत! पण ती वाया गेली नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला खरा संकेत आला तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की हाही घातलेला आहे का. तो घातलेला नाही याची खात्री झाली. सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांत तो सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकानं आला होता. प्रकाशाला तेवढं अंतर जायला दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे वेळेचा हिशोबही बसत होता. तरीही त्यांनी पाच महिने तपासणी केली आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला जगाला सांगितलं. स्वतःवर संशय घ्यायची त्यांना आधीच सवय होती. मी ती सवय नसताना जूनमध्येच काकांच्या दारात जाऊन निकाल सांगून आले होते.

थिसिस रहस्यकथेसारखा लिहू नका

इथं एक उलटा इशारा. रहस्यकथा वाचणाऱ्यांना पेपर लिहिताना एक खोड लागते: उत्तर शेवटपर्यंत लपवायचं. मीही पहिल्या मसुद्यात तेच केलं होतं. मॅडमनी सारांशाच्या पानावर लाल पेनानं लिहिलं, "खुनी पहिल्या पानावर हवा."

शोधनिबंधाचा वाचक घाईत असतो. त्याला सारांशातच निकाल लागतो. मग त्याला रस कशात उरतो? सिद्ध कसं केलं यात. असाही एक रहस्यकथेचा प्रकार आहे. आर. ऑस्टिन फ्रीमन हा मूळचा डॉक्टर. १९१२ च्या 'द सिंगिंग बोन' या संग्रहात त्यानं गुन्हा कुणी केला ते आधीच सांगून टाकलं, आणि मग त्याचा डॉ. थॉर्नडाइक सूक्ष्मदर्शक घेऊन ते कसं शोधतो ते दाखवलं. तुमचा थिसिस तसा हवा. शोध घेताना रहस्यकथा, लिहिताना उलटी रहस्यकथा.

परत त्याच दारात

ऑक्टोबरमध्ये मी नव्या बाटल्या, रोजच्या तीन ब्लँक आणि जुन्याच ४० विहिरींची यादी घेऊन पुन्हा फिरले. या वेळी मर्यादेच्या वर निघाल्या ५ विहिरी. सगळ्या गोठ्यांच्या नाहीतर शोषखड्ड्यांच्या जवळच्या, आणि पाचही ठिकाणी क्लोराइड वाढलेलं. कुत्रा या वेळी भुंकला होता. खतालाही मी निर्दोष ठरवलेलं नाही, तो यादीत अजून आहे. फक्त लाडका राहिलेला नाही.

काकांची विहीर: १८.

त्यांच्या दारात जायला मला दोन दिवस लागले. शेवटी गेले आणि सगळं सांगितलं. बाटल्या, आम्ल, माझी घाई. काकू आतून ऐकत होत्या. काका म्हणाले, "म्हंजी पाणी चांगलंच होतं?" मी हो म्हणाले. "चार महिने हिनं शाळेच्या बोअरवरून डोक्यावर पाणी आणलं, ताई."

माझ्याकडे त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "बरं, येऊन सांगितलंत तरी. परत सांगायला कोण येतंय?" काकूंनी चहा केला. विहिरीच्या पाण्याचा.

तुम्ही संशोधन करणार आहात म्हणून सांगते: आकडा चुकला तर पेपर मागे घेता येतो, पण कुणाच्या तरी डोक्यावरचे चार महिन्यांचे हंडे मागे घेता येत नाहीत. मेथडॉलॉजीच्या पुस्तकातले कंटाळवाणे वाटणारे नियम, ब्लँक, डुप्लिकेट, बाटलीचा नंबर, हे त्या हंड्यांसाठी असतात.

मग वाचायचं की नाही?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. वाच. पण "संशोधनाला उपयोग होतो" म्हणून वाचू नकोस. तसा थोडा उपयोग होतो, तो वर सांगितलाच. तरी खरं कारण ते नाही. पीएचडीत महिनोन्महिने काहीच संपत नाही. रीडिंग संपत नाहीत, मसुदे संपत नाहीत, दुरुस्त्या संपत नाहीत. अशा वेळी रात्री दोनशे पानांत एक प्रश्न पडतो, गुंतत जातो आणि सुटतो, हे बघण्यात निखळ सुख आहे. त्या सुखाला कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही. दिवसभर न सुटणाऱ्या कोड्यासमोर बसणाऱ्या माणसाला रात्री सुटणारं कोडं हवंसं वाटलं तर त्यात लाज कसली?

शरदिंदू बंदोपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणतो, सत्याचा शोध घेणारा. हा शब्द मला फार आवडतो. माझ्या लॅबच्या वहीच्या पहिल्या पानावर मी तो लिहून ठेवलाय.

आणि हो, ते फाटलेलं पुस्तक. गेल्या वर्षी नांदेडला जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात त्याची पूर्ण प्रत मिळाली. उभ्या उभ्या शेवटची पानं वाचली. खुनी दिवाणजी नव्हता. माझं उत्तर सगळ्या पुराव्यांत चपखल बसत होतं, आणि तरीही चुकीचं होतं.

प्रत वीस रुपयांना घेतली. सुट्टीत आजोळी गेले तेव्हा मामाच्या पेटीत ठेवून आले. मामानं विचारलं, "कोण निघाला गं खुनी?" मी म्हणाले, "तूच शोध की."